डान्स टीचर्सच्या ट्रेनिंगमध्ये मानसिक आरोग्य आणि आपलेपणा: एका दिवसाच्या वर्कशॉपऐवजी काय करावं?

लयवेडी

नमस्कार मंडळी. मी नृत्यशिक्षकांसाठी ट्रेनिंग आखणाऱ्या एका गटात काम करते. पुढच्या सत्राचा विषय ठरलाय तो म्हणजे विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य, शिक्षकांचं मानसिक आरोग्य, आणि वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला आपण इथले आहोत असं वाटणं. विषयावर कुणाचंच दुमत नाही, घोडं अडलंय ते आखणीपाशी. कच्चा आराखडा आलाय त्यात सगळं एका दिवसात उरकलंय, सकाळी तज्ज्ञांचं भाषण, दुपारी स्लाइड्स, मग गटचर्चा, सर्टिफिकेट, फोटो. मला हे अजिबात पटत नाहीये आणि तसं मी बोललेही, पण नुसतं नको म्हणून भागत नाही, त्याऐवजी काय ते सांगावं लागतं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की मुलाला वर्ग आपला वाटतो की परका हे शिक्षक मनाने किती चांगला आहे यावर फारसं ठरत नाही. ते ठरतं वर्गातल्या रोजच्या व्यवस्थेवर. पुढच्या रांगेत कोण, करेक्शन कुणाला मिळतं आणि कुठल्या शब्दांत, हात लावायच्या आधी विचारलं जातं का, उशिरा आलेल्याचं काय होतं, दुखापत झालेली मुलगी कोपऱ्यात बसून नुसती बघते की तिला काही काम असतं. या सगळ्या हाडीमाशी मुरलेल्या सवयी आहेत आणि भाषण ऐकून सवय बदलत नाही.

शालेय शिक्षकांच्या बाबतीत हे बऱ्यापैकी तपासून झालंय. लिंडा डार्लिंग-हॅमंड आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली शिक्षक प्रशिक्षणावरच्या ३५ काटेकोर अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात उपयोगी ठरलेल्या प्रशिक्षणांत ठरावीक गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात: प्रत्यक्ष करून बघणं, सहकाऱ्यांबरोबर काम, चांगल्या अध्यापनाचे नमुने डोळ्यांसमोर असणं, कोचिंग, फीडबॅक, आणि पुरेसा कालावधी. आपण नाचणारी माणसं, एकदा ऐकून कुणाला एक हालचालही बसत नाही हे आपल्याइतकं कुणाला माहितीये, मग शिकवण्याची सवय एका दुपारी बसेल असं आपण का धरून चाललोय?

तुम्ही शिकवत असाल, शिकत असाल किंवा पालक असाल, या ट्रेनिंगमध्ये काय हवं ते सांगा. विरोध असेल तर तोही लिहा.

शांतारंग

चांगला धागा. पाया म्हणून एक गोष्ट आधी टाकते म्हणजे चर्चा नुसती 'प्रेमाने वागा' इथे अडकणार नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांचा सेल्फ डिटर्मिनेशन सिद्धांत आहे, त्यात माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा सांगितल्यात: आपल्या वागण्यावर आपला थोडा तरी ताबा आहे असं वाटणं, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि आपण कुणाशी तरी जोडलेले आहोत असं वाटणं. एलेनॉर क्वेस्टेड आणि जोन डूडा यांनी हे खास नर्तकांवर तपासलंय. वर्गातलं वातावरण मेहनत आणि स्वतःची प्रगती यांना महत्त्व देणारं असेल तर या गरजा भागतात आणि नर्तक बरे असतात, आणि सतत एकमेकांशी तुलना, चुकलं की शिक्षा, लाडक्यांनाच लक्ष असं असेल तर उलटं होतं, असा त्यांच्या कामाचा रोख आहे.

मला यात आवडतं ते हे की तिन्ही गोष्टी शिक्षकाच्या हातातल्या आहेत. दोन व्हर्जन शिकवून कुठलं करायचं ते मुलांना निवडू द्या, ताबा आला. मागच्या महिन्याचा व्हिडिओ आणि आजचा व्हिडिओ शेजारी ठेवा, जमतंय हे दिसलं. जोड्या दर वेळी बदला, ओळखी झाल्या. यातलं काहीच अवघड नाहीये पण दर वर्गात आठवणीने करणं अवघड आहे.

जुना_मृदंग

बरीच वर्षं शिकवतोय म्हणून थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नये. विषय महत्त्वाचा आहे हे मान्य. पण मला यात एक धोका दिसतो. नृत्य ही शरीराला वळण लावण्याची कला आहे आणि वळण लावताना 'हे चूक आहे' असं दिवसातून शंभरदा म्हणावं लागतं. गुडघा पायाच्या रेषेत नसेल तर आज गोड बोलून सोडून दिलेला तो गुडघा पुढे कायमचा दुखतो. हल्लीच्या नव्या शिक्षकांना मी बघतो, ते करेक्शन द्यायलाच घाबरतात, मूल नाराज होईल म्हणून. आणि वाट्टेल त्याला 'मस्त, छान, सुपर्ब' म्हणतात. मुलं काही दुधखुळी नसतात, फुकटचं कौतुक त्यांना लगेच कळतं आणि मग खरं कौतुकही त्यांना खोटं वाटायला लागतं. तुमच्या ट्रेनिंगमधून शिक्षक मऊ होऊन बाहेर पडणार असतील तर ते मुलांचंच नुकसान आहे.

दुसरं, आपलेपणा हा एकत्र घाम गाळून येतो. कठीण रचना मिळून बसवली की जी दोस्ती होते ती कुठल्याही गेमने होत नाही. हे पण नोंदवून ठेवा.

शांतारंग

@जुना_मृदंग सर, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन आणि पहिल्यालाही बरंचसं. पण अपेक्षा उंच ठेवणं आणि मुलाला आधार देणं यातलं एकच निवडायचंय असं का धरायचं? डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन वगैरेंचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास फार बोलका आहे. सातवीच्या मुलांच्या निबंधांवर शिक्षकांनी नेहमीसारख्या खरमरीत दुरुस्त्या केल्या आणि काही मुलांच्या कागदावर एवढंच जास्त लिहिलं गेलं की माझ्या अपेक्षा फार उंच आहेत आणि तू त्या पूर्ण करशील हे मला माहितीये म्हणून या सूचना देतोय. ती चिठ्ठी मिळालेल्या मुलांनी निबंध पुन्हा लिहून देण्याचं प्रमाण वाढलं, आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो कृष्णवर्णीय मुलांमध्ये, म्हणजे ज्यांना शिक्षकांच्या हेतूवर भरवसा ठेवायला कमी कारणं होती त्यांच्यात. दुरुस्त्या तेवढ्याच होत्या हो, एकही कमी केली नव्हती.

आपल्याकडे याचं भाषांतर सोपं आहे. 'तुला कधी जमणार आहे' यात माहिती शून्य आहे. 'वळताना नजर उशिरा येतेय म्हणून तोल जातोय, नजर आधी पोचव, तुला हे जमण्यासारखं आहे म्हणूनच पुन्हा करायला लावतेय' यात गुडघ्यालाही न्याय आहे आणि मुलालाही.

आणि एक, गॅब्रिएल वुल्फ यांच्या कामातून पुढे आलेलं, शरीराच्या भागावर लक्ष देण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर लक्ष दिलं तर हालचाल साधारणपणे जास्त चांगली जमते. 'कोपर वर' ऐवजी 'बोटांनी समोरच्या भिंतीवर लांब रेघ ओढ'. यात मुलाच्या अंगाला नावं ठेवण्याचा प्रश्नच येत नाही, असा दुहेरी फायदा.

मागची_रांग

इथे बहुतेक शिक्षक दिसतायत, मी विद्यार्थिनी म्हणून लिहिते. अनेक वर्षं शिकले, नेहमी मागच्या रांगेत. मला कुणी कधी वाईट बोललं नाही. त्रास होता तो काहीच न बोलण्याचा. पुढच्या चौघींना करेक्शन मिळायचं, ओरडा मिळायचा, आणि मागे आम्ही नुसत्या असायचो. चूक असली तरी कुणी सांगायचं नाही, बरोबर असली तरी नाही. करेक्शन मिळणं म्हणजे मी तुला बघतेय असं असतं हे शिक्षकांना कदाचित लक्षात येत नसेल. मागे उभं राहिलं की शिक्षक दिसत नाहीत, पुढचीला बघून करायचं, ती चुकली की आपण चुकायचं, म्हणजे मागे पडलेली अजून मागे पडते.

मग एका नव्या शिक्षिकेने रांगा फिरवायला सुरुवात केली, प्रत्येक रचनेनंतर मागची रांग पुढे, पुढची मागे. आणि त्या स्वतः खोलीच्या वेगवेगळ्या बाजूंना उभ्या राहून शिकवायच्या, त्यामुळे 'पुढे' म्हणजे नक्की कुठे तेच बदलत राहायचं. मला पहिल्यांदा पुढे यायची भीती वाटली होती खूप, पण सगळ्यांनाच यायचंय म्हटल्यावर काही वाटेनासं झालं. मी नाच सोडला नाही त्याचं कारण त्या रांगा आहेत.

सो माझी मागणी ही की ट्रेनिंगमध्ये शिक्षकांच्या वर्गाचं शूटिंग करा आणि बाकी काही नाही फक्त एवढं मोजा की कुणाचं नाव किती वेळा घेतलं आणि कुणाला किती करेक्शन दिलं. नावापुढे रेघा मारायच्या. त्यात ज्यांच्यापुढे एकही रेघ नाही ते कोण हे शिक्षकाने स्वतः बघायचं.

लयवेडी

@मागची_रांग, हे मी जसंच्या तसं उचलतेय. मनापासून आभार. अशा नोंदीत शिक्षक चांगला की वाईट हा प्रश्नच येत नाही, नुसता आकडा समोर येतो, त्यामुळे सहकाऱ्यासमोर ठेवायलाही संकोच कमी होईल.

फिजिओताई

मी नर्तकांच्या दुखापतींवर काम करते. इथे मन आणि शरीर वेगळं काढता येत नाही म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट वाढीचं वय. उंची सगळ्यात वेगाने वाढते तो काळ मुलींत साधारण १२ च्या आसपास आणि मुलांत १४ च्या आसपास येतो, मागेपुढे होतं. हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात, त्यामुळे काल पाय डोक्यापर्यंत जाणारी मुलगी आज अडते, तोल बिघडतो, चकरा चुकतात, टाचा आणि गुडघे दुखतात. हे तात्पुरतं आहे. पण मुलीला कुणीच सांगत नाही की हे तात्पुरतं आहे, तिला वाटतं आपली कलाच गेली, आणि नेमकं याच वयात शिक्षक म्हणतात 'तुझं लक्ष नाहीये हल्ली'. माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणी याच वाक्यापाशी रडतात. शिक्षकांना वाढीचा हा आलेख माहीत असलाच पाहिजे, आणि या महिन्यांत उड्या आणि ताण कमी करून लय, भाव, संगीताची समज यावर भर देता येतो, म्हणजे मूल वर्गात टिकतं आणि शिकतही राहतं.

दुसरी गोष्ट खाणं आणि वजन. २०१४ च्या एका एकत्रित विश्लेषणात नर्तकांमध्ये खाण्याशी संबंधित विकारांचं प्रमाण १२ टक्के आणि बॅले नर्तकांमध्ये १६.४ टक्के दिसलं होतं, आणि नर्तक नसलेल्यांच्या मानाने हा धोका साधारण तिप्पट असल्याचं त्यात म्हटलंय. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी रेड-एस ही संज्ञा मांडली. म्हणजे मेहनतीच्या मानाने शरीराला ऊर्जा कमी पडत राहिली की पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती, मूड, एकाग्रता सगळ्यावर परिणाम होतो, आणि हे मुलग्यांनाही होतं. पाळी बंद झाली म्हणजे छान मेहनत चाललीये असा समज अजूनही काही ठिकाणी आहे, तो पूर्ण चुकीचा आणि धोकादायक आहे.

शिक्षकांनी निदान करायचं नाहीये. वजन करायचं नाही, आहार सांगायचा नाही, अंगाच्या आकारावर बोलायचं नाही, कौतुकाने सुद्धा नाही. 'बारीक झालीस, छान दिसतेस' हे वाक्य बाकीच्या सगळ्या मुली ऐकत असतात. शिक्षकाने ओळखायचं ते एवढंच की वारंवार हाडाला इजा, सतत थकवा, सगळ्यांबरोबर खायचं टाळणं, चक्कर, एकटं पडणं असं काही दिसतंय का, आणि दिसलं तर कुणाकडे पाठवायचं. ते नाव आणि नंबर आधीपासून तयार हवेत, वेळ आल्यावर शोधत बसायचं नाही.

विंगेतली_आई

फिजिओताईंच्या प्रतिसादावर लिहिल्यावाचून राहवत नाही. माझ्या मुलीच्या आधीच्या क्लासमध्ये कॉस्च्युमची मापं सगळ्यांसमोर घेऊन मोठ्याने वाचली जायची, एकजण सांगणार आणि एकजण लिहिणार. मुद्दाम कुणी काही करत नव्हतं हो, घाईत सोयीचं म्हणून. पण माझी पोरगी घरी येऊन आरशासमोर उभी राहायला लागली. आम्ही बोललो तेव्हा बाईंना खरंच आश्चर्य वाटलं, त्यांच्या गावीही नव्हतं. आताच्या क्लासमध्ये मापं एकेकटीला पडद्यामागे घेतात आणि आकडा फक्त शिवणाऱ्याला कळतो, एवढाच फरक, पण केवढा मोठा.

अजून एक, पालकांनाही या ट्रेनिंगचा एखादा भाग द्या. आम्हीच पहिल्या रांगेवरून शिक्षकांशी भांडतो, आम्हीच गाडीत बसल्याबसल्या विचारतो की तिला मेन रोल का आणि तुला का नाही. शिक्षक एकटे किती करणार. रांगा फिरवणार असतील तर का फिरवतायत ते आधी पालकांना सांगा म्हणजे अर्धी भांडणं होणारच नाहीत.

चाकं_आणि_चकरा

मी व्हीलचेअर वापरते आणि नाचते, आता शिकवतेही. आपलेपणाच्या चर्चेत अपंग नर्तकांचा उल्लेख बहुतेकदा शेवटच्या स्लाइडवर येतो म्हणून इथे मध्येच घुसतेय.

हे काही नवीन नाहीये. अमेरिकेत ॲक्सिस डान्स कंपनी १९८७ पासून आहे, ब्रिटनमध्ये कँडोको १९९१ पासून, दोन्हीकडे अपंग आणि अपंग नसलेले नर्तक बरोबरीने व्यावसायिक काम करतात. मार्क मॉरिस डान्स ग्रुपने २००१ मध्ये पार्किन्सन्स असलेल्या लोकांसाठी वर्ग सुरू केले, त्याची पद्धत आज कितीतरी देशांत वापरतात, आणि तिथे येणारा माणूस पेशंट म्हणून येत नाही, नाचायला येतो, शिक्षकही त्याला नाचच शिकवतात. मला या उदाहरणांत महत्त्वाचं वाटतं ते हेच की कलेचा दर्जा खाली आणून कुणाला सामावून घेतलेलं नाही, जुना_मृदंग सरांच्या काळजीला हेही एक उत्तर आहे.

शिक्षकाला शिकवायचं काय? सूचना देताना हालचालीचा हेतू सांगायला शिकवा. 'उजवा पाय पुढे टाका' म्हटलं की मी वर्गातून बाहेर. 'चार मात्रांत उजवीकडे वजन टाकत पुढे या, शेवटच्या मात्रेला थांबा' म्हटलं की मी आत, आणि बाकीच्यांनाही हालचालीचा अर्थ जास्त कळतो. मग मी चाकांनी ते कसं करायचं ते माझं मी बघते. मला विचारा, माझ्यासाठी परस्पर ठरवू नका, आणि मी काहीतरी केलं की टाळ्या वाजवू नका, चुकलं तर करेक्शन द्या. मागची_रांग म्हणाली तेच, करेक्शन न मिळणं म्हणजे हिच्याकडून काही अपेक्षाच नाही असं सांगणं.

जागेचंही तसंच. रॅम्प आहे पण कपडे बदलायची खोली वरच्या मजल्यावर, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय. कपड्यांचं पण. बॅलेत 'अंगाच्या रंगाचे' बूट आणि टाइट्स म्हणजे वर्षानुवर्षं फक्त गुलाबीच, बाकीच्या नर्तकांनी बुटांना मेकअप फासून रंग जुळवायचा. १९६९ साली सुरू झालेल्या डान्स थिएटर ऑफ हार्लेमने आपल्या नर्तकांना त्यांच्या त्वचेशी जुळणारे टाइट्स आणि बूट देण्याची पद्धत सत्तरच्या दशकातच आणली, पण ब्रिटनमध्ये फ्रीडसारख्या मोठ्या उत्पादकाकडे तपकिरी आणि ब्राँझ रंगाचे पॉइंट शूज यायला २०१८ उजाडलं. युनिफॉर्मच्या यादीतली एक ओळ कुणाला तरी रोज सांगत असते की तू गृहीत धरलेली नाहीस.

आणि हे सेशन घ्यायला अपंग नर्तकांनाच बोलवा, मानधन देऊन. आमच्याबद्दल दुसऱ्या कुणी स्लाइड दाखवू नये.

फिरती_टीचर

सगळं वाचलं, सगळं पटलं, आणि वाचता वाचता दमलेही, कारण प्रत्येक प्रतिसादात शिक्षकाने अजून एक गोष्ट करायचीये. मी वेगवेगळ्या ठिकाणी फिरून शिकवते. संध्याकाळ आणि शनिवार रविवार माझे नसतातच, जेव्हा बाकी जग मोकळं असतं तेव्हा आम्ही कामावर. एका स्टुडिओतून दुसऱ्याकडे धावत जायचं, दारातून आत शिरताना चेहऱ्यावर हसू चढवायचं, स्वतःचा खांदा दुखत असला तरी पूर्ण ताकदीने करून दाखवायचं. आजारी पडले तर वर्ग बुडाला आणि पैसेही बुडाले. सहकारी म्हणाल तर मी कुणाला ओळखतच नाही, मी आत जाते तेव्हा आधीचे सर बाहेर पडत असतात, बास तेवढीच भेट.

बर्नआउटवर काम करणाऱ्या क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन अंगं सांगितलीत, भावनिक थकवा, समोरच्या माणसांबद्दल कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. दुसरं अंग नीट वाचा. मुलांशी कोरडं वागणारा शिक्षक निर्दय असतोच असं नाही, तो कधी कधी पार संपलेला असतो. त्याला 'मुलांना आपलेपणा द्या' असं ट्रेनिंग दिलं तर त्याच्या डोक्यावर अजून एक ओझं. जागतिक आरोग्य संघटनेने सुद्धा २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणातून येणारी गोष्ट अशीच केलीये. कामाच्या ठिकाणचा ताण आहे तर उपायही कामाच्या ठिकाणी हवा, शिक्षकाला घरी जाऊन मेडिटेशन कर सांगून कसं चालेल?

म्हणून माझ्या अटी. ट्रेनिंगच्या तासांचे पैसे मिळावेत. दोन वर्गांच्या मध्ये श्वास घेण्यापुरती तरी जागा वेळापत्रकात असावी. बदली शिक्षकांची एक यादी असावी म्हणजे आजारी माणूस अपराधी न वाटता घरी राहू शकेल. आणि आम्हा फिरत्या लोकांना कुणाशी तरी बांधून द्या, एक जोडीदार, जो माझा वर्ग बघेल आणि मी त्याचा, आणि वर्ग संपल्यावर आम्ही नुसतं बोलू. खरं सांगते, मला या सगळ्या ट्रेनिंगमधून एवढं एक मिळालं तरी मी बाकीचं सगळं आनंदाने करेन.

जुना_मृदंग

फिरती_टीचर, तुमचं वाचून वाईट वाटलं. आमच्या पिढीत एक गुरू, एक जागा आणि तिथेच आयुष्य असं होतं, त्याचे तोटे होते पण एकटेपणा हा नव्हता. जोडीदाराची कल्पना मला फार आवडली. माझ्यासारख्या म्हाताऱ्यांनाही त्यात घ्या, मी बघायला येईन आणि माझा वर्ग बघायला नव्यांनी यावं.

अपेक्षा उंच आणि आधारही, हे शांतारंग यांनी समजावलं ते मान्य. पोकळ कौतुकाबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

एक अडचण विचारतो. आमची अख्खी पद्धत हाताने शिकवण्याची. खांदा, कंबर, मान हाताने वळवून जागेवर आणायची. आता विचारून हात लावायचा हे तत्त्व म्हणून पटतं, पण मोठ्या वर्गात प्रत्येकाला दर वेळी विचारत बसलो तर लय तुटते. लोक काय करतात?

शांतारंग

सर, काही जण छोटी कार्डं वापरतात, दोन बाजूंना दोन रंग, प्रत्येकाने आपल्या जागेपाशी जमिनीवर ठेवायचं, एका रंगाचा अर्थ आज हात लावून करेक्शन चालेल, दुसऱ्याचा आज नको. वर्गाच्या मध्येही उलटता येतं, कारण सांगावं लागत नाही. यात एक मेख आहे ती मात्र लक्षात ठेवायची, ज्यांनी 'नको' ठेवलंय त्यांच्याकडे शिक्षकाचं लक्ष कमी झालं तर कार्ड म्हणजे शिक्षाच झाली. त्यांना शब्दांनी, करून दाखवून, किंवा त्यांचा स्वतःचा हात त्यांच्याच कंबरेवर ठेवायला सांगून तेवढंच करेक्शन मिळायला हवं. आणि लहान मुलं मोठ्यांना नाही म्हणत नाहीत, त्यांनी 'हो' ठेवलं म्हणजे विषय संपला असं धरायचं नाही, हात कुठे लावायचा याच्या मर्यादा आपण आधीच आखायच्या.

आरशाचंही असंच आहे बरं का. सॅली रॅडेल यांनी आरशासमोर आणि आरशाशिवाय शिकणाऱ्या बॅलेच्या विद्यार्थिनींची तुलना केली होती, त्यात संथ हालचालींच्या रचनेत आरशाशिवाय शिकलेल्यांची प्रगती जास्त दिसली. आरसा पूर्ण काढा असं मी म्हणणार नाही, रेषा तपासायला तो लागतो. पण वर्गाचा काही भाग पाठ फिरवून करायला काय हरकत आहे, मुलं एकमेकांकडे बघायला लागतात हा त्यातला मोठा लाभ.

मागची_रांग

आरशाला पाठ केली की मागची रांग आपोआप पुढची होते!

लयवेडी

गटाच्या बैठकीआधी इथलं सगळं एकत्र करून मांडतेय, काही राहिलं असेल तर सांगा.

एक दिवस भाषणासाठी ठेवला तरी तो सुरुवात म्हणून, आणि त्यात फिजिओताईंचा वाढीच्या वयाचा आणि रेड-एसचा भाग, आणि चाकं_आणि_चकरा सुचवतेय तसं अपंग नर्तकांनी घेतलेलं प्रात्यक्षिक, ज्यात शिक्षकांनी आपलीच एखादी रचना हेतूच्या भाषेत पुन्हा शिकवून बघायची. त्यानंतर पूर्ण सत्रभर जोड्या. फिरत्या शिक्षकांच्या जोड्या आधी लावायच्या. प्रत्येकाने आपल्या वर्गातली एकच गोष्ट निवडायची, रांगा किंवा करेक्शनचे शब्द किंवा स्पर्श किंवा आरसा, एकदम सगळं नाही, आणि जोडीदाराने येऊन रेघा मारायच्या, मत द्यायचं नाही. मग दोघांनी बसून बोलायचं. मधूनमधून सगळ्या जोड्या भेटतील. या सगळ्या तासांचं मानधन हवं हे मी बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत मांडणार आहे, ते नाकारलं गेलं तर सत्र लहान करू पण फुकट करवून घेणार नाही यावर मी ठाम आहे.

परिणाम कसा बघायचा हा प्रश्न उरतो. फॉर्मवर 'सेशन आवडलं का' विचारण्यात मला रस नाही. सत्राच्या आधी आणि नंतर मुलांना निनावी विचारायचं, शिक्षकांना तुझं नाव माहितीये का, चुकलं तर पुन्हा करून बघायला इथे भीती वाटते का, तू आली नाहीस तर कुणाच्या लक्षात येईल का. आणि कोण सोडून गेलं आणि का गेलं, हे त्यांना फोन करून विचारायचं, कारण जे टिकलेत त्यांच्याकडून अर्धंच उत्तर मिळतं.

एका गोष्टीवर मात्र मला नीट मार्गदर्शन हवंय. एखाद्या मुलीने वर्गानंतर थांबून शिक्षकाला काही गंभीर सांगितलं, घरातलं किंवा स्वतःला इजा करण्याबद्दलचं, आणि म्हणाली कुणाला सांगू नका, तर शिक्षकाने काय करायचं? हे इतक्या शिक्षकांनी मला विचारलंय.

फिजिओताई

गुप्ततेचं वचन द्यायचं नाही, हे सगळ्यात आधी. पण तिला गप्पही करायचं नाही. शांतपणे ऐकायचं, मध्ये खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, 'तू सांगितलंस ते बरं केलंस, तू सुरक्षित राहावीस म्हणून मला हे एका माणसाला सांगावं लागेल, कुणाला सांगणार आणि पुढे काय होईल ते मी तुला आधी सांगेन' अशा साध्या शब्दांत बोलायचं. जीवाला धोका वाटत असेल तर तिला एकटं सोडायचं नाही आणि लगेच तातडीची मदत घ्यायची. स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का हे थेट विचारायला लोक घाबरतात, विचारल्याने डोक्यात येईल म्हणून, पण तसं होत नाही, उलट विचारल्याने बोलायची वाट मोकळी होते. मग तिच्या शब्दांत, तारीख वेळ घालून, त्याच दिवशी लिहून ठेवायचं, आपला अंदाज त्यात मिसळायचा नाही, आणि संस्थेत या कामासाठी ठरवलेल्या व्यक्तीकडे द्यायचं. अशी व्यक्ती ठरलेलीच नसेल तर ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधी ती ठरवा, आणि जिच्याबद्दल तक्रार येऊ शकते अशा माणसाला वळसा घालून जाता यावं म्हणून दुसरीही एक ठेवा.

मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण असतं, २००० साली ऑस्ट्रेलियात सुरू झालं आणि आता बऱ्याच देशांत मिळतं. सगळ्यांना नाही तरी प्रत्येक ठिकाणच्या एकदोघांना ते द्या. आणि ऐकून घेतलेल्या शिक्षकाचं काय, हे विसरू नका, त्यालाही त्या रात्री कुणाशी तरी बोलायला लागतं.

फिरती_टीचर

त्यासाठीच जोडीदार हवा म्हणत होते. मुलीचं नाव किंवा तिने सांगितलेलं काही न सांगता, आज माझ्या वर्गात काहीतरी जड झालं, थोडा वेळ बोलशील का, एवढं म्हणता आलं तरी पुरे. लयवेडी, जोड्या लावताना माझं नाव धरा, आणि जुना_मृदंग सरांची हरकत नसेल तर मला त्यांच्याबरोबर टाका, मला त्यांचा वर्ग बघायचाय.

जुना_मृदंग

हरकत कसली, या. रेघा मारायचा कागद घेऊन या. कार्डं मी करून ठेवतो.